कामगार वकिली : कलमाआधी हजेरीपत्रक

प्रश्न : मी एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कामगार कायद्यातच वकिली करायची आहे. त्यासाठी वेगळी पदविका लागते का? आणि पुण्या-मुंबईला न जाता इथे पुरेसं काम मिळेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पदविकेची सक्ती नाही. राज्याच्या बार कौन्सिलकडे सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा, एवढ्यावर भागतं. कामगार कायद्याची पदविका खरी उपयोगी पडते ती कारखान्यात कामगार कल्याण अधिकाऱ्याची नोकरी बघणाऱ्याला. कामाची चिंता नको. सातारा, कऱ्हाड, मिरज, कुपवाडच्या एमआयडीसी, साखर कारखाने, नगरपालिकांचे रोजंदार, मार्केट यार्डातले हमाल, इतक्यांचे वाद आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय, त्यामुळे साताऱ्याच्या निकालावर रिट (उच्च न्यायालयाकडे आव्हान अर्ज) करायला मुंबई गाठावी लागत नाही.

शिकायचं आहे ते हजेरीपत्रक वाचायला. कामावरून कमी करण्याला कायद्यात कपात म्हणतात. कमी केलेल्या माणसाला कपातीचं संरक्षण हवं असेल तर आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरावे लागतात. समजा, हजेरीपत्रकावरचे 'पी' (म्हणजे हजर) मोजले आणि १९८ निघाले. नवखा वकील इथेच फाइल मिटतो. पण पगारी साप्ताहिक सुट्ट्या आणि सणाच्या पगारी सुट्ट्याही या हिशेबात धरायच्या, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितलंय. ४१ पगारी रविवार आणि ६ सण मिळवा, २४५ होतात. रविवारचा पगारच मिळत नसेल तर मात्र ही बेरीज करता येत नाही. म्हणून हजेरीपत्रकाशेजारी पगारपत्रक ठेवूनच मोजायचं.

२४० दिवस भरल्याचं सिद्ध करण्याचा भार कामगारावर असतो आणि नुसतं त्याचं शपथपत्र पुरत नाही. कागद सगळे मालकाकडे. तेव्हा हजेरीपत्रक, पगारपत्रक आणि पीएफची चलनं हजर करण्याचा अर्ज पुराव्याआधीच द्या. अर्जात महिने आणि वर्षं लिहा. 'सर्व संबंधित कागदपत्रे' असं मोघम लिहिलंत तर अर्ज फेटाळायला आयतं कारण मिळतं. आदेश होऊनही कागद आले नाहीत, तर मालकाविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढावं, म्हणजे ते कागद त्याच्या विरोधातच जाणारे होते असं धरावं, असं मागता येतं. पण आदेशच घेतलेला नसेल तर कशाच्या जोरावर मागणार?

दुसरं मोठं काम खातेनिहाय चौकशीचं, म्हणजे कामगारावरच्या आरोपांची मालकाने कारखान्यातच केलेल्या चौकशीचं. मालकाच्या बाजूचे दावे बहुतेक इथेच कोसळतात : आरोपपत्रात तारीख-वेळ नाही, साक्षीदाराचा जुना जबाब कामगाराला दिलेला नाही, चौकशी अधिकारीच व्यवस्थापनाचा वकील असल्यासारखी उलटतपासणी घेतो, आणि अहवालाची प्रत न देताच बडतर्फी. चौकशी सदोष ठरली तरी मालकाला न्यायालयात नव्याने पुरावा देऊन आरोप सिद्ध करता येतो. मात्र तशी परवानगी लेखी कैफियतीत (मालकाच्या लेखी उत्तरात) मागितलेली असली पाहिजे. ती ओळ विसरणारे ज्येष्ठ वकीलही कमी नाहीत.

समेट अधिकाऱ्यापुढे (वाद तडजोडीने मिटवू बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे) वकिलाला उभं राहता येत नाही. तिथे युनियनचा पदाधिकारी बोलतो, तुम्ही त्याचं मागणीपत्र नीट लिहून द्यायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत, पण जुने दावे अजून बरीच वर्षं चालतील. टेबलावर दोन्ही पुस्तकं ठेवा.

फीचं स्पष्टच सांगायचं तर कारखान्यांकडून महिन्याची ठरलेली रक्कम येते, कामगाराकडून हप्त्याने.

प्रश्न : कुपवाडमध्ये एका वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं टर्नर आहे. बारा दिवसांपूर्वी ऑफिसात बोलावून कोऱ्या कागदावर सही घेतली. दुसऱ्या दिवसापासून गेटवर 'तू राजीनामा दिलास' म्हणून परत पाठवतात. आधी काय करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आजच पत्र लिहा. राजीनामा दिलेला नाही, सही दबावाखाली कोऱ्या कागदावर घेतली, कोणत्या तारखेला किती वाजता गेटवर कोणी अडवलं, आणि कामावर यायला तयार आहे, एवढंच. रागाचा एक शब्दही नको. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, एक प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात देऊन शिक्का घ्या. राजीनाम्याला विरोध करणारं पत्र दोन-तीन महिन्यांनी गेलं तर 'मागाहून सुचलेलं' ठरतं.

दोन गोष्टी करू नका. 'आता कोणतीही मागणी शिल्लक नाही' असं लिहिलेल्या कागदावर सही करून हिशेब घेऊ नका. पैसे परस्पर खात्यात आले तर हरकत नोंदवून ठेवून घेत असल्याचं लगेच कळवा. आणि पीएफच्या पोर्टलवर स्वतः नोकरी सोडल्याची तारीख भरू नका, पीएफही काढू नका. दोन्ही कागद पुढे तुमच्याच विरुद्ध दाखवले जातात.

कायद्याने कपात करायची तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. रोज ६०० रुपये धरले तर ९ वर्षांचे १३५ दिवस, म्हणजे ८१,००० रुपये, वर नोटिसीचा पगार. हे न देता काढलं असेल तर कपातच बेकायदा ठरते. अनुचित कामगार प्रथेची, म्हणजे मालकाच्या अशा बेकायदा वागण्याची, तक्रार १९७१ च्या राज्य कायद्याप्रमाणे ९० दिवसांत करायची असते. त्यातले बारा गेले. मधल्या काळात दुसरीकडे कमाई नव्हती हे अर्जात शपथेवर लिहा, नाहीतर मागचा पगार मागताना अडचण येते. कमाई असेल तर लपवू नका. बँकेचा उतारा समोर येतोच.

प्रश्न : वडील साखर कारखान्यात २२ हंगाम हंगामी कामगार होते, मे २०२५ मध्ये निवृत्त झाले. शेवटचा पगार १८,२०० रुपये. ग्रॅच्युइटी किती? (एक वाचक, वाळवा तालुका)

उत्तर : केवळ हंगामातच काम असेल तर दर हंगामाला ७ दिवसांचा पगार. १८,२०० भागिले २६ म्हणजे रोज ७०० रुपये. ७०० गुणिले ७ गुणिले २२, एकूण १,०७,८००. पण गाळप संपल्यावर ओव्हरहॉलिंगलाही (यंत्रांच्या दुरुस्तीलाही) त्यांना दरवर्षी ठेवत असतील, तर ते वर्षभर कामावर होते असं म्हणायला जागा आहे. मग दर वर्षाला १५ दिवसांचा पगार आणि रक्कम २,३१,०००. ऑफ-सीझनच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि पीएफचं पासबुक शोधा, पीएफमध्ये जून ते ऑक्टोबरची वर्गणी दिसली तर निम्मं काम झालं.

कारखान्याकडे नमुना 'आय'मध्ये अर्ज द्या. तो ३० दिवसांत द्यायचा असतो, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. दाद लागली नाही तर नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे (ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) नमुना 'एन', सोबत विलंब माफीचा अर्ज. अडकलेल्या रकमेवर वर्षाला १० टक्के सरळ व्याज मागायला विसरू नका.