अर्गोनॉमिक्समध्ये यायचंय? आधी कळमन्याला जा

अर्गोनॉमिक्स म्हणजे महागडी खुर्ची नव्हे, तर काम माणसाच्या मापाचं करणं. नागपूरच्या कळमना बाजारात तासभर उभा राहा, हमाल पोतं कसं उचलतात ते नीट बघ. नायॉश (कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणारी अमेरिकी सरकारी संस्था) हिच्या वजन उचलण्याच्या सूत्रात सगळं अनुकूल असतानाची मर्यादा 23 किलो. ओझं घोट्यांपासून 25 ऐवजी 50 सेंमी पुढे गेलं की तीच साडेअकरावर येते, कारण अंतर वाढलं की कमरेवरचा ताण वाढतो. नवखे इथंच चुकतात: वजन करतात, अंतर मोजत नाहीत. टेप खिशात हवाच.

पदवी फिजिओथेरपी, इंजिनिअरिंग, डिझाइन, कुठलीही चालेल. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत माणसं दिवसभर वाकून राबतात. उभ्याने करायच्या हलक्या कामाचं टेबल कोपराच्या साधारण 10 सेंमी खाली हवं. एवढ्या बदलाने कुणाची पाठ वाचते, म्हणून तर हे क्षेत्र मोलाचं. मात्र टेबल ठरवण्याआधी बुटक्या आणि उंच, दोन्ही कामगारांचे कोपर मोज.