वाचकांचे प्रश्न : वाड्यातला करडा पाइप शिशाचा तर नाही?

प्रश्न : आमचा पंचवटीतला वाडा सुमारे ऐंशी वर्षांचा आहे. मोरीची फरशी बदलताना भिंतीतला एक जुना करडा पाइप उघडा पडला. गवंडी म्हणाला, ‘हा शिशाचा दिसतो, काढून टाका.’ प्लंबरच्या मते तो जी. आय. आहे आणि अजून बरीच वर्षे टिकेल. घरात दीड वर्षाचा नातू आहे आणि त्याचे दूध याच नळाच्या पाण्यात बनते. कोणाचे खरे मानावे?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : दोघांचेही म्हणणे क्षणभर बाजूला ठेवा आणि पाइपचा वीतभर भाग ओल्या फडक्याने पुसून स्वच्छ करा. शिसे अतिशय मऊ असते. रुपयाच्या नाण्याच्या कडेने हलकेच ओरखडा काढलात, तर शिशावर सहज खाच पडते आणि तिच्यात चांदीसारखी चकाकी दिसते. ती उघडी राहिली की काही दिवसांत पुन्हा करडी पडते. जी. आय. म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप; त्यावर नाणे नुसते घसरते, आणि जिथे जस्त गेले असेल तिथे तांबूस गंज दिसतो. त्यानंतर फ्रिजच्या दारावरचे लोहचुंबक लावून पाहा. ते लोखंडाला चिकटते, शिशाला चिकटत नाही. मात्र केवळ लोहचुंबकावर निर्णय करू नका, कारण ते तांब्यापितळेलाही चिकटत नाही आणि रंगाचे थर जाड असतील तर लोखंडालाही नीट धरत नाही.

जोड पाहिलेत तर शंका आणखी कमी होईल. जी. आय. पाइप सरळ जातो. वळणावर एल्बो, जोडावर सॉकेट आणि टोकाला आटे असतात. शिशाचा पाइप वाकवता येत असल्यामुळे तो कोपऱ्यात एल्बोशिवाय गोलाईने वळतो, आणि दोन तुकडे जिथे डाक लावून सांधलेले असतात तिथे लसणाच्या गड्ड्यासारखा गुळगुळीत फुगवटा दिसतो. हे सगळे करताना कानस, करवत किंवा पॉलिश पेपर वापरू नका. शिशाची धूळ श्वासातून जाणे शिसे पाण्यातून पोटात जाण्याइतकेच वाईट आहे. काम संपल्यावर हात साबणाने धुवा आणि नातवाला तोवर मोरीपासून दूर ठेवा.

आपल्याकडच्या घरगुती नळजोडांत जी. आय. पाइपच अधिक आढळतो, त्यामुळे प्लंबरचा अंदाज बरोबर असण्याचा संभव मोठा आहे. तरीही तो तपासूनच स्वीकारावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण शिशाला पाण्यात रंग, वास किंवा चव नसते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार पोटात गेलेले शिसे लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषले जाऊ शकते. ते मेंदूच्या वाढीला अपाय करते, आणि ज्याखाली धोका नाही अशी रक्तातली कोणतीही पातळी ज्ञात नाही. शिवाय मोरीत दिसला तो पाइपचा एक तुकडा झाला. रस्त्याच्या वाहिनीपासून मीटरपर्यंतचा आणि मीटरपासून भिंतीपर्यंतचा पाइप वेगवेगळ्या काळातला असू शकतो, म्हणून मीटरजवळही हीच पाहणी करा.

पाइप शिशाचा निघाला किंवा खात्री पटली नाही, तर पाण्याची तपासणी करून घ्या. नमुना कसा घेता यावर सगळे अवलंबून आहे. नाशिकमध्ये पाणी ठरावीक वेळी येते आणि उरलेला वेळ नळजोडात साचून राहते. शिसे याच काळात पाण्यात उतरते. त्यामुळे सकाळी पाणी आल्यावर, गच्चीवरच्या टाकीच्या नव्हे तर थेट महापालिकेच्या नळाखाली, अजिबात पाणी वाया न घालवता पहिली एक लिटरची बाटली भरा, आणि दुसरी बाटली पाच मिनिटे नळ वाहू दिल्यानंतर भरा. पहिलीत शिसे जास्त आणि दुसरीत कमी आढळले, तर दोष बहुधा आपल्याच नळजोडात किंवा पितळी तोटीत आहे. एन.ए.बी.एल.ची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला ‘शिसे’ ही चाचणी नाव घेऊन सांगा; नेहमीच्या तपासणीत ती असेलच असे नाही आणि पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारे टी.डी.एस. मीटर शिसे दाखवत नाही. आय.एस. १०५०० या भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात कोणतीही सवलत नाही.

‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हे कोणी म्हणाले, तर त्यावर विसंबू नका. शिशाच्या पाइपला आतून क्षारांचा थर बसतो आणि तोच पाण्याला काही प्रमाणात वाचवतो. पाण्याचे रसायन बदलले की तो थर सुटतो. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि पाइप झिजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया केली नाही, तेव्हा जुन्या पाइपांतले शिसे घराघरांत पोहोचले.

शिशाचा पाइप ठरला तर तो वाहिनीपासून घरापर्यंत पूर्ण बदला. अर्धा तोडून नवा जोडल्यास कापताना हललेले कण पुढे काही काळ पाण्यात येत राहतात. आपल्या भागासाठी पंचवटी विभागीय कार्यालयात अर्ज करून परवानाधारक प्लंबरकडूनच काम करून घ्या. तोवर नातवाचे दूध आणि घरातला स्वयंपाक दुसऱ्या स्रोताच्या पाण्यात करा, आणि बालरोगतज्ज्ञांना विचारून त्याच्या रक्तातले शिसे तपासून घ्या. आंघोळीला हे पाणी चालेल, कारण त्वचेतून शिसे फारसे शोषले जात नाही.

प्रश्न : मग प्लास्टिकचा पाइप घेतला की चिंता मिटली का?

उत्तर : पूर्ण नाही. पी.व्ही.सी. टिकाऊ करण्यासाठी शिशाची संयुगे मिसळण्याची पद्धत होती. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ती आटोक्यात आणण्यासाठी नियम केले, पण आधी बसवलेले पाइप भिंतींत तसेच आहेत. नवा पाइप पिण्याच्या पाण्यासाठीचा, आय.एस.आय. चिन्हाचा घ्या, वायरिंगचा किंवा सांडपाण्याचा पाइप स्वस्त मिळतो म्हणून नळाला कधीही जोडू नका. सुरुवातीचे काही दिवस साचलेले पाणी आधी वाहून जाऊ द्या.

प्रश्न : पाणी उकळून तांब्याच्या हंड्यात ठेवले तर शिसे जाते का?

उत्तर : जात नाही. उकळल्याने पाणी आटते आणि शिसे तेवढेच राहते, म्हणजे त्याचे प्रमाण उलट वाढते. तुरटी किंवा यू.व्ही. यंत्रही शिसे काढत नाही. चांगल्या स्थितीतले आर.ओ. यंत्र काढते. हंड्याबद्दल विचारलेत म्हणून आणखी एक सांगतो : आपल्या तांबट आळीच्या शहरात कल्हई अजून घरोघरी ओळखीची आहे, आणि कल्हईचे कथील महाग असल्यामुळे त्यात शिसे मिसळले जाण्याची शक्यता असते. भांडे देताना शुद्ध कथलाचीच कल्हई करून मागा, आणि तसे खात्रीने सांगणाऱ्या कारागिराकडेच ते सोपवा.