नऊ महिने नऊ दिवस

प्रिय सईबाळ,

काल फोनवर तू मावशीला विचारलंस, "नऊ महिने म्हणजे छत्तीस आठवडे, मग डॉक्टर चाळीस का म्हणतात?" तेवढ्यात फोन आजीकडे गेला आणि तुझा प्रश्न तसाच राहिला. म्हणून हे पत्र.

महिन्याचे चार आठवडे हे बोलण्यापुरतं. नेमके चार भरतात ते फक्त २८ दिवसांच्या फेब्रुवारीला. वर्षाचे ३६५ दिवस बाराने भाग, महिना साधारण ३०.४ दिवसांचा येईल. त्याला सातने भागलंस की ४.३५ आठवडे. आता नऊने गुण. ३९ च्या थोडं वर! तुझे तीन आठवडे इथेच सापडले. उरलेला आठवडा आजीच्या तोंडी आहे. "नऊ महिने नऊ दिवस पोटात वाढवलं," असं ती म्हणते ना, त्या नऊ दिवसांसकट २८३ दिवस होतात. डॉक्टरांचे चाळीस आठवडे म्हणजे २८०. तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवूनच तारीख काढतात. आपल्या बायकांची मोजणी किती जवळ गेली होती बघ. मला याचा फार अभिमान वाटतो.

आजी "आठ दिवसांनी ये" म्हणाली तर सातव्या दिवशी जायचं हं. अमळनेरच्या आठवडी बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत ती दोन्ही बाजार धरून मोजते. तसेच तिचे "पंधरा दिवस" म्हणजे दोन आठवडे. आणि बाळंतिणीचा सव्वा महिना म्हणजे ३८ दिवस, साडेपाच आठवडे.

मात्र मावशीची तारीख पंचांगाच्या महिन्यांनी मोजू नकोस. तो महिना अमावास्येला संपतो, २९ नाहीतर ३० दिवसांचा. असे बारा मिळून ३५४ दिवसच होतात, म्हणून तर पावणेतीन वर्षांनी धोंड्याचा महिना येतो. आखाजी, कानबाई, पोळा हे सण त्या हिशोबाने. बाळासाठी तो धरलास तर नऊ महिन्यांत आठ दिवस मागे पडशील, आणि हे आठ मोजून आठ.

एक काम कर. मधल्या खोलीत गव्हाची कोठी आहे, तिच्यामागच्या भिंतीवर खडूच्या रेघा आहेत. तू पोटात होतीस तेव्हा मी इकडे परदेशात, आजी तिकडे. दर बाजाराला पिशवी खाली ठेवली की ती आधी तिथे एक रेघ ओढायची. दिवाळीला घर रंगवलं तेव्हा तेवढा तुकडा तिने रंगवू दिला नाही. त्या रेघा मोज. एकतीस भरतील. तू पूर्ण चाळीस आठवड्यांनी आलीस, पण पहिले नऊ मी आजीला काही सांगितलंच नव्हतं.

तुझी,
आई