एकरकमी पैसे हातात आलेत: ठेवून देऊ की गुंतवू?

नोकरी सोडताना मिळालेली रक्कम खात्यात पडून आहे, घरात कुणी म्हणतं बँकेतच राहू दे, कुणी म्हणतं शेअर बाजारात लाव, असं तुम्ही लिहिलंय. माझं ऐकाल तर कुठे ठेवायचे हे आत्ता बाजूला ठेवा. त्यातले किती पैसे कधी लागणार, ते आधी कागदावर लिहून काढा.

हे मी पैसे घालवून शिकलोय. २००७ च्या शेवटी मलाही अशीच रक्कम मिळाली आणि मी ती सगळीच्या सगळी इक्विटी फंडात, म्हणजे शेअर बाजारात पैसे लावणाऱ्या फंडात टाकली. २००९ च्या मार्चमध्ये वडिलांचं ऑपरेशन निघालं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, गुडघ्यावर फाईल ठेवून फंड मोडायच्या फॉर्मवर सही केली तेव्हा जेमतेम निम्मे उरले होते. फंड वाईट नव्हता. अमेरिकेच्या शेअर बाजाराचा निर्देशांक एस अँड पी ५०० सुद्धा त्या दीड वर्षात सुमारे ५७ टक्के कोसळला होता आणि २०१३ मध्ये जुन्या पातळीवर परतला. ज्यांना थांबता आलं त्यांचं नुकसान भरून निघालं, मला थांबता येणारच नव्हतं.

म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च आणि पुढच्या चार-पाच वर्षांत नक्की लागणारे पैसे बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत ठेवा. व्याज कमी मिळतं म्हणून हळहळू नका. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती या सगळ्याच्या आधी फेडा, त्या व्याजाइतका परतावा देणारी गुंतवणूक सहसा सापडत नाही.

उरलेले पैसे मात्र नुसते ठेवू नका. महागाई ६ टक्के धरली तर साधारण १२ वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते, आणि पासबुकातला आकडा तसाच दिसत असल्याने ते लक्षातही येत नाही. हे पैसे गुंतवा, पण एकाच देशाच्या बाजारावर भिस्त ठेवू नका. जपानच्या शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई १९८९ च्या शिखरावर परत पोचला तो थेट २०२४ मध्ये.

एकदम गुंतवायला धीर होत नसेल तर वर्षभरात १२ समान हप्त्यांत घाला. बाजार चढता राहिला तर यात थोडा फायदा हुकतो, पण मधेच घाबरून सगळं मोडण्यापेक्षा ते परवडलं. तारीख आजच ठरवा आणि बाजार पडला तरी हप्ता चुकवू नका.