हेल्मेट होते, शुद्धही हरपली नाही, तरी डोके दुखते

प्रश्न : मी एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. गेल्या आठवड्यात रॅकच्या वरच्या कप्प्यात पॅलेट (माल रचून ठेवायची सपाट फळी) ठेवला जात असताना एक जड खोके घसरून खाली उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या डोक्यावर पडले. हेल्मेट होते, शुद्ध हरपली नाही, रक्तही आले नाही, म्हणून थोडा वेळ बसवून त्याला पुन्हा फोर्कलिफ्टवर पाठवले गेले. तेव्हापासून त्याचे डोके दुखते आणि मान वळवली की गरगरते. त्याने गाडी चालवावी का?

उत्तर : चालवू नये, आणि आजच डॉक्टरांना दाखवावे. हेल्मेट मुख्यतः कवटीला वाचवते. धक्क्यासरशी कवटीच्या आत मेंदू हलतो, ते त्याला पुरते थोपवता येत नाही. मेंदूला असा धक्का बसलेल्या बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही, त्यामुळे केवळ माणूस शुद्धीवर आहे एवढ्यावरून त्याला यंत्रावर परत बसवणे मला फार धोक्याचे वाटते. कवटीच्या आतला रक्तस्राव कधी काही तासांनी, तर कधी काही आठवड्यांनी लक्षात येतो; वय जास्त असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर ही शक्यता वाढते. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, गुंगी आली, बोलणे अडखळले, हातापायातली शक्ती कमी झाली, झटके आले किंवा नाका-कानातून पाण्यासारखा द्रव आला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात न्यावे.

मार लागल्यावर पहिले 24 ते 48 तास विश्रांती आणि मग हळूहळू काम वाढवणे, हा सर्वसाधारण क्रम आहे. फोर्कलिफ्टचे मात्र वेगळे आहे. माल उचलणारे पुढचे काटे उंच नेताना चालकाला मान वर करून पाहावे लागते, मागे घेताना खांद्यावरून वळावे लागते, आणि तुमच्या सहकाऱ्याला नेमके तेव्हाच गरगरते. भोवळ पूर्ण थांबेपर्यंत आणि डॉक्टर संमती देईपर्यंत त्याला बसून करण्याचे काम द्यावे.

ज्या हेल्मेटवर खोके पडले, त्याला तडा दिसत नसला तरी ते बाद करावे. पॅलेटवरचा माल घट्ट बांधल्याशिवाय उचलू नये आणि उंचावलेल्या काट्यांखाली किंवा आसपास कोणालाही उभे राहू देऊ नये. तुम्ही स्वतः चालक आहात, म्हणून आणखी एक सांगतो : बसून चालवायची फोर्कलिफ्ट कलंडू लागली, तर बाहेर उडी मारू नका, कारण उडी मारणाऱ्याचे डोके छताच्या चौकटीखाली चिरडते. पट्टा बांधलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि गाडी कलते आहे त्याच्या विरुद्ध बाजूला झुकावे.