खऱ्या पानाचा ठसा चांदीत

प्रश्न : ९२.५ टक्के शुद्धतेच्या चांदीच्या पत्र्यावर खरे पान ठेवून रोलरमधून (दोन पोलादी लाटण्यांमध्ये पत्रा दाबणाऱ्या यंत्रातून) काढते. मधली शीर उमटते, पण बारीक जाळी पुसट येते. कधी ठसा दुहेरी दिसतो. चूक कुठे होते?

उत्तर : बहुधा पत्रा पुरेसा नरम झालेला नसतो. अंधूक उजेडात मंद लाल दिसेपर्यंत, म्हणजे साधारण ६०० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. लाली गेली की पाण्यात विझवा, आम्लाच्या पाण्यात स्वच्छ करा, धुवा आणि अगदी कोरडा करा. ओल राहिली तर रोलर गंजतात. ताजे रसाळ पान दाबाखाली फुटते आणि जाळी त्या रसातच हरवते. ते जाड पुस्तकात एक-दोन दिवस दाबून ठेवा. पाणी जावे, पण पान चुरगळेल इतके वाळू नये. शिरा पानाच्या पाठीकडे उठून असतात, म्हणून पाठ चांदीकडे ठेवा. वरून न तापवलेला, कडक पितळी पत्रा हवा. मऊ पुठ्ठा ठेवला तर दाब त्यातच जिरतो.

दुहेरी ठसा दुसऱ्या फेरीमुळे येतो. एकाच फेरीत काम झाले पाहिजे. रोलरमधली फट त्याच जाडीच्या, तापवून नरम केलेल्या तांब्याच्या तुकड्यावर आधी ठरवून घ्या. पत्रा रोलरच्या दिशेने लांबतो, म्हणून पानाचा आकार ठसा घेतल्यावरच कापा. फेरीनंतर चांदी पुन्हा कडक होते. वळवण्याआधी परत तापवा आणि लाकडावर ठेवून नायलॉनच्या हातोडीने पाठीकडून ठोका. लोखंडी हातोडीने शिरा सपाट होतात.

शिरा चांदीत खोलगट उमटतात, आणि हेच छान. पुष्कळ पानांची वरची बाजू तशीच दिसते.

कानातल्यांसाठी जाडी जपा. साडेसहा चौरस सेंटिमीटरचे पान ०.८ मिलिमीटर जाडीला सुमारे ५.४ ग्रॅम भरते, तर ०.६ ला ४ ग्रॅम. जोडीला हा फरक कानाला नक्की जाणवतो.

प्रश्न : पानाला तारेचा तणावा जोडताना तार वितळते आणि डाख (जोडासाठी वितळवायचा धातू) मात्र भलतीकडेच पळतो.

उत्तर : तार बारीक, म्हणून आधी तापते, आणि डाख नेहमी जास्त गरम बाजूकडे धावतो. ज्योत मोठ्या पानावर फिरवा, तारेवर ती शेवटच्या काही क्षणांतच येऊ द्या. तार किमान ०.८ मिलिमीटर घ्या. जोड कानशीने असा बसवा की मधून उजेड दिसणार नाही. डाख फट भरत नाही. दोन्ही बाजूंना टाकणखार लावा. पहिला जोड कडक, म्हणजे सर्वांत उशिरा वितळणाऱ्या डाखाने (साधारण ७४५ अंश), पुढचा मध्यम, कानातली काडी सर्वांत शेवटी आणि नरम डाखाने. ही चांदी सुमारे ८०० अंशांना वितळू लागते, म्हणजे कडक डाखाला जेमतेम ५५ अंशांची सवड. डाख चमकून पसरला की ज्योत त्याच क्षणी हटवा.

आम्लात टाकल्यावर दागिना गुलाबी झाला, तर त्या पाण्यात लोखंडी चिमटा बुडाला आहे. विरघळलेले तांबे चांदीवर चढते. तांब्याचा किंवा प्लास्टिकचा चिमटा वापरा.

प्रश्न : शिरांमध्ये काळेपणा कसा भरावा?

उत्तर : घासकाम आधी पूर्ण करा. कपभर कोमट पाण्यात (उकळते नको) वाटाण्याएवढा पोटॅशियम सल्फाइडचा खडा विरघळवा. दागिना काही सेकंद बुडवा, थंड पाण्यात धुवा, रंग पाहा, हवा तर पुन्हा बुडवा. एकदम जास्त वेळ ठेवला तर जाड थर बसून सालपटासारखा निघतो. मग उंच भाग १२०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासा. काळे फक्त खोलगट शिरांत उरते. खिडकी उघडी ठेवा, आणि हे द्रावण आम्लात कधीही मिसळू देऊ नका: त्यातून विषारी वायू निघतो. दागिना आम्लातून आला असेल, तर बुडवण्याआधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून धुवा.