बोलणी चालू असताना सभासदांना काय सांगायचं?

प्रश्न : चाकणच्या एका कारखान्यात मी युनियनच्या कमिटीवर नवीन आहे. पगारवाढीच्या कराराची बोलणी चालू आहेत. व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही सगळं टाकतो, तरी ‘कमिटी मॅनेज झाली’ अशी कँटीनमध्ये कुजबुज आहेच. काय करावं?

उत्तर : तुमच्या ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येत असणार, पैज लावतो. मग बाकीच्यांनी शंका विचारायची कुठे? कँटीनमध्येच.

मी भोसरीत युनियनचं काम बघायचो तेव्हा गेटच्या आत आमचा काळा फळा होता. बोलणी झाली की त्याच दिवशी खडूने लिहायचं : तारीख, आपण काय मागितलं, मॅनेजमेंट कुठवर आलं, पुढची बैठक कधी. ‘चर्चा सकारात्मक झाली’ हे वाक्य आमच्याकडे बाद होतं. त्याने संशय वाढतो. काही ठरलं नसेल तर ‘आज काही ठरलं नाही’ एवढंच लिहा. वाढीचा आकडा मात्र फोडून लिहायचा, मूळ पगारात किती आणि इतर भत्त्यांत किती. पीएफ-ग्रॅच्युइटीचा हिशेब मुख्यतः मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर निघतो, त्यामुळे भत्त्यांत फुगवलेली वाढ जुन्या कामगाराच्या लगेच ध्यानात येते. आपण लपवलं, की तिथेच ‘मॅनेज’ सुरू होतं.

फळा ही कुणाची मेहरबानी नव्हती बरं का. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने मान्यताप्राप्त युनियनला कारखान्याच्या आवारात सूचनाफलक लावायचा हक्क दिला. वाद मिटवण्यासाठी, कामात खोळंबा न करता, आवारात सभासदांशी चर्चा करण्याचाही.

गेट मीटिंग पाळी बदलताना घ्या, म्हणजे सुटणारे आणि येणारे दोघंही सापडतात. कंपनीची बस उभी असते, लोकांचं अर्धं लक्ष तिकडे. तेव्हा भाषण पाच मिनिटांत उरका आणि उरलेला वेळ प्रश्नांना द्या. रात्रपाळीवाले नेहमी राहून जातात. त्यांच्यासाठी कमिटीतल्या एकाने जागरण करायचं, ते फोनवर भागत नाही. आणि परप्रांतीय पोरं सभासद असतील तर पत्रक हिंदीतही काढा.

ग्रुप मात्र बंद करू नका. कुणाला रक्त लागलं, कुणाच्या घरी मयत झालं, तर ते त्याच्यावरच सगळ्यांत आधी कळतं.